पानी नक्को : देवचाफ्याच्या पुस्तकाची प्रस्तावना

या पुस्तकात जे काही सांगायचं आहे, ते मला दोन माणसांनी फार पूर्वी एकेका वाक्यात सांगून टाकलं होतं. एक माझ्या सासूबाई. पैठण तालुक्यातल्या खेड्यात त्यांची हयात गेलेली. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या नव्या घरी त्या राहायला आल्या आणि मी अंगणातल्या कुंडीतल्या चाफ्याला सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालते हे पाहून म्हणाल्या, “अगं, त्याला जरा तहान तर लागू दी.” दुसरे एक नर्सरीवाले मामू. कुंडीतल्या त्या पहिल्या चाफ्याचं व्हायचं ते झाल्यावर मी त्यांच्याकडे दुसरं रोप मागायला गेले. त्यांनी रोप दिलं नाही. आधीचं कसं मेलं ते विचारलं. मी सांगितलं. “बाई, इसकू पानी नक्को,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

दोघांचंही मी तेव्हा ऐकलं नाही. शाळेत आयुष्यभर मुलांना ‘नीट ऐका’ म्हणणाऱ्या बाईला ही दोन वाक्यं ऐकू यायला बरीच वर्षं लागली. त्या वर्षांत जे चुकलं आणि जे जमलं, त्याचं हे पुस्तक झालं.

पहिल्या चाफ्याची गोष्ट आधी सांगते, कारण ती बहुतेकांच्या घरी घडते. जून महिन्यात ओळखीच्या घरून हातभर फांदी आणली आणि त्याच संध्याकाळी कुंडीत खोचली. माती शेतातली, काळीभोर, वर भरपूर शेणखत. पहिलंच झाड, काही कमी पडायला नको. आठ दिवसांत शेंड्याला दोन पानं फुटली आणि पेढे वाटायचे तेवढे राहिले. ती पानं फांदीत साठलेल्या शिदोरीवर आली होती, खाली मुळांचा पत्ता नव्हता, हे मला कुठलं माहीत! पुढे पानं मलूल झाली. मला वाटलं, तहानलंय. पाणी वाढवलं. तिसऱ्या आठवड्यात फांदीचं बूड अंगठ्याने दाबून पाहिलं, तर साल पिकल्या केळ्यासारखी आत गेली. काळपट पाणी बोटाला लागलं, त्याला आंबूस वास. वरची दोन पानं मात्र अजून हिरवी होती.

चाफा मरतो तो असा. खालून मरतो आणि वरून बरेच दिवस जिवंत दिसतो.

*

चाफा म्हणजे कोणता, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. मराठीत चाफा हे नाव आडनावासारखं चालतं. नाव एक, घराणी वेगळी. सोनचाफा आणि कवठी चाफा एका कुळातले. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा हळदीच्या. नागचाफा आणखी तिसरीकडचा. आपला देवचाफा कण्हेर, तगर आणि सदाफुलीच्या गोतातला आहे. म्हणून तर त्याचं पान तोडलं की पांढरा चीक गळतो. कोणी त्याला खुरचाफा म्हणतात, कोणी नुसताच पांढरा चाफा. उर्दू-हिंदी बोलणाऱ्या घरांत तो गुलचीन होतो. देवळाच्या आवारात तो असतो आणि दर्ग्याच्या अंगणातही असतो. या शहरात राहणाऱ्याला तेवढ्यावरूनच झाडाची ओळख पटावी.

बागेच्या दृष्टीने त्याच्या तीन जाती ओळखता आल्या तरी पुरे. पान टोकाला निमुळतं आणि हिवाळ्यात झाड पार उघडंबोडकं, तर तो आपला जुना चाफा. फुलं पांढरी-पिवळी, गुलाबी किंवा लाल. पान टोकाला गोलसर, गर्द चकचकीत आणि बहुतेक वर्षभर टिकणारं, तर ती दुसरी जात, शुभ्र फुलांची. तिसरीचं पान मध्ये चेपल्यासारखं, साधारण पळीच्या आकाराचं, आणि फुलांचे पांढरे गुच्छ बारमाही. ही तिसरी हल्ली फार दिसते, रोपवाटिकांत ती ‘नागचंपा’ म्हणून खपते. दिसायला देखणी, वाढायला जलद. पण तिला वास जवळजवळ नाहीच. वासासाठी चाफा लावायचा आणि घरी हीच यायची, असं अनेकांचं झालंय. नाव विचारू नका, पान पाहा आणि शक्य असेल तर फूल हुंगूनच झाड निवडा.

हा चाफा मूळचा आपला नाही, हे सांगितलं की लोकांना थोडं वाईट वाटतं. त्याचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. तिथल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेत त्याचं नाव ‘कावळ्याचं फूल’ अशा अर्थाचं होतं. निकाराग्वाने त्याला राष्ट्रीय फूल केलं. इकडे आशियात लाओसनेही केलं, जिथे तो आपल्यासारखाच बाहेरून आला. युरोपातल्या दर्यावर्दींनी अमेरिकेची वाट उघडल्यानंतरच तो पूर्वेकडे पोचला. म्हणजे जुन्या संस्कृत काव्यातला चंपक हा नव्हे, तो सोनचाफा. आणि अजिंठ्याच्या भिंती रंगवणाऱ्या हातांनी देवचाफा कधी पाहिलेला नव्हता.

पण परकेपणाचा हिशेब काढायचाच तर जरा दौलताबादच्या रस्त्याने जाऊन या. कडेला टोपल्या मांडून बसलेल्या बाया जी सीताफळं आणि जे पेरू विकतात, ते दोन्ही त्याच अमेरिकेतून आले. आपल्या ठेच्यातली मिरचीही तिथलीच. इतक्या पिढ्या इथली माती खाल्ल्यावर माहेर विचारण्यात काय अर्थ?

नावांचीही एक गंमत आहे. देवचाफ्याचं शास्त्रीय नाव ‘प्लुमेरिया’. ते शार्ल प्लुमिए या फ्रेंच संन्यासी वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलं. लिनियसने १७५३ च्या ग्रंथात ते कायम केलं. प्लुमिए कॅरिबियन बेटांवर तीनदा गेला, तिथल्या झाडांची चित्रं काढली आणि १७०४ मध्ये वारला. वारण्याच्या आदल्या वर्षी त्याने एका अमेरिकी झाडाला मान्योल या आपल्या देशबंधूचं नाव दिलं होतं. त्यावरून ‘मॅग्नोलिया’. आज आपल्या सोनचाफ्याची गणना त्याच मॅग्नोलियात होते. एका चाफ्याला प्लुमिएचं नाव आणि दुसऱ्याला प्लुमिएने दिलेलं नाव. कुळं वेगळी असलेल्या या दोन झाडांना मराठी माणसाने निव्वळ वासावरून एका नावात बसवलं. शास्त्राच्या वहीत ती वेगळ्याच वाटेने शेजारी आली.

*

आता या गावाविषयी. कारण हे पुस्तक कोकणात बसून लिहिलं असतं तर वेगळं झालं असतं.

छत्रपती संभाजीनगरचा इतिहास लोक दरवाजांनी सांगतात, बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. मला तो पाण्याने सांगितलेला जास्त नीट कळतो. मलिक अंबराने १६१० मध्ये राजधानी वसवली ती खडकी नावाच्या गावाच्या जागी. नावातच जमीन कशी ते आलं. वसवली आणि तो पाण्याच्या मागे लागला. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं, ती नहर-ए-अंबरी. पुढे पाणचक्कीला खापरी नळांतून आलेलं पाणी उंचावरून पडून दळणाचं चाक फिरवू लागलं. बीबी का मकबऱ्याची चारबाग असो की हिमायतबाग असो, इथली प्रत्येक जुनी बाग पाणी जिथवर पोचलं तिथवर पोचली आणि पाण्याबरोबरच सुकली किंवा टिकली.

आज शहर पितं ते नाथसागराचं, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचं पाणी. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरं झालं. तिथून सुमारे ५० किलोमीटरवरून, चढ चढवून ते इथे येतं. पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आणि मनाला येईल तसा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर. कितीतरी वसाहतींत नळाचा दिवस आठवड्याने उगवतो. सकाळी शेजारीण भेटली की तब्येत विचारायच्या आधी विचारते, “आज नळ आहे का?” ड्रम, हौद, गच्चीवरच्या टाक्या, वेळेला टँकर, यांच्या हिशेबात इथला संसार चालतो. अशा गावात बाग करायची म्हणजे आधी मनाशी एक गोष्ट पक्की करावी लागते. हिरवळ पाळायची, तर ती माणसाच्या वाट्याच्या पाण्यावर पाळली जाते. ते ज्याला पटत नाही, त्याने पाण्याकडे पाहत न बसणारी झाडं शोधावीत.

तशी सुवासिक झाडं इथे आहेत. बकुळ आहे, पण ती फुलायला वर्षानुवर्षं लावते. बुचाचं झाड कार्तिकाच्या सुमारास सगळी गल्ली दरवळून टाकतं, पण ते फार उंच जातं आणि त्याची लाकडं वादळात कडाकड मोडतात. शिरीष मोठ्या मैदानाचा. पारिजातक गोड, पण उन्हाळ्यात त्याचं तोंड पाहवत नाही. वीस बाय तीसच्या प्लॉटवर, घर बांधून उरलेल्या चार हात जागेत, भिंतीला धोका न देता, आठवड्याच्या पाण्यात जो उभा राहतो आणि तरी संध्याकाळी घर वासाने भरतो, असा मला एकच सापडला.

सासूबाई बहात्तरच्या दुष्काळाची आठवण सांगायच्या. गावातल्या मारुतीपुढचा चाफा तेव्हा पार वठल्यासारखा झाला होता. विहिरीने तळ दाखवला, जनावरं छावणीला गेली, झाडाला पाणी घालण्याचा विचारही कुणी केला नसता. त्र्याहत्तरच्या चैत्रात त्या नागड्या फांद्यांच्या टोकांना गुच्छ आले. “पान एक नव्हतं बघ,” त्या म्हणायच्या, “नुसती फुलं.”

*

यात चमत्कार नाही. फांदी हातात धरून पाहिली की कळतं. चाफ्याची फांदी लाकडासारखी टणक नसते. जाड, मऊसर, राखाडी सालीची, आत गर असलेली. ती त्याची घागर. पानं मोठी पण फक्त टोकांशी, आणि पाणी कमी पडलं किंवा थंडी पडली की झाड ती सरळ टाकून देतं. पान नाही म्हणजे बाष्प नाही. खर्च बंद करून साठ्यावर बसून राहायचं, ही त्याची रीत. म्हणूनच तोडलेली फांदी मातीशिवाय कित्येक आठवडे जिवंत राहते, कधी कधी तशीच पडल्या पडल्या फुलतेही. महिनोन्‌महिन्यांच्या गलबतांच्या प्रवासात तग धरू शकली ती अशीच झाडं. श्रीलंकेत बुद्धाच्या विहारांत, आपल्याकडे देवळांत आणि कबरींपाशी त्याला जागा मिळाली, तीही याच न मरण्यामुळे असावी असं मानतात.

आता या घागरीत आपण वरून आणखी पाणी ओतलं तर काय होईल? तेच, जे माझ्या कुंडीत झालं. त्यातून आपली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते. कापसाला ती आई, चाफ्याला सासू. चाफ्याला मुरूम हवा. उंचवटा हवा. घर बांधताना पायातून निघालेला जो मुरूम आपण पैसे देऊन फेकायला लावतो, तोच खड्ड्यात निम्म्याने घालावा, उरलेल्यात माती आणि जुनं शेणखत. काळ्या रानात लावायचंच असेल तर खड्डा न करता वीतभर उंच ओटा करून त्यावर लावावं.

लावण्याची गोष्ट मामूंनी मला शेवटी करून दाखवली, ती जशीच्या तशी लिहिते. फाल्गुनाचे दिवस होते. झाडाला पान नव्हतं. त्यांनी दीड फुटाची, अंगठ्याहून जाड, राखाडी झालेली फांदी निवडली. हिरव्या कोवळ्या फांदीला हात लावला नाही. धारदार चाकूने एका दमात कापली. चिकाचे थेंब टपटप पडले. त्यांनी फांदी हातभर लांब धरली आणि मला म्हणाले, “आँख संभालो.” हा चीक कातडीला खाज आणतो आणि डोळ्यात गेला तर फार त्रास देतो; लेकरांना जवळ उभं करू नये. चीक थांबल्यावर कापलेला भाग त्यांनी चुलीच्या राखेत दाबला, फांदी जुन्या उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. “पंद्रा दिन छाँव में डाल देव. भूल जाव.”

भुलणं हेच अवघड होतं. पंधरा दिवसांत फांदीला सुरकुत्या पडल्या, कापलेल्या जागी बोटाच्या पेरावरच्या घट्ट्यासारखा घट्टा आला. तो आला की फांदी तयार; तो नसेल तर ओल सरळ आत शिरते. चैत्रात तिला कुंडीत चार बोटं खोल, भरड वाळू आणि मुरमात उभं केलं, हलू नये म्हणून काठीला बांधलं, एकदाच पाणी दिलं आणि हात मागे बांधले. सुरकुत्या वाढत गेल्या. मी रोज बूड दाबून बघायची, टणक होतं. सुरकुतलेली पण टणक फांदी जिवंत असते. तुकतुकीत पण मऊ लागली तर गेली. हे एवढं बोटाला कळलं की चाफ्याचं निम्मं शिक्षण झालं. सव्वा महिन्याने शेंड्याचं टोक हिरवट चमकलं, पान उलगडलं, आणि मग, मगच, मी आठवड्याला तांब्याभर पाणी सुरू केलं. पहिल्या पावसानंतर ती जमिनीत गेली. दुसऱ्या वर्षी फुलली.

आज ते झाड पहिल्या मजल्याच्या सज्जाला लागलं आहे. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्याच्या दोन बादल्या, हिवाळ्यात पान गळाल्यावर काही नाही, पावसाळ्यात अर्थातच काही नाही. एवढाच त्याचा जमाखर्च.

*

चाफ्याची एक गोष्ट मुलांना दाखवण्यासारखी आहे. त्याला फुलांचा गुच्छ येतो तो फांदीच्या अगदी टोकाला, आणि गुच्छ आला की त्या फांदीची सरळ वाढ तिथे संपते. मग खालून दोन किंवा तीन नव्या फांद्या फुटतात. त्यांच्या टोकांना पुन्हा गुच्छ, पुन्हा फाटे. म्हणून चाफा कधी सरळसोट नसतो, हरणाच्या शिंगांसारखा फाटत जातो. छाटणीचा अपवाद सोडला तर प्रत्येक फाटा म्हणजे एक होऊन गेलेला बहर. हिवाळ्यात पानं नसताना खोडापासून टोकापर्यंत बोट फिरवत फाटे मोजले, की झाड किती वेळा फुललं ते वाचता येतं.

त्याचा वास दिवसा असतो, पण खरा उमलतो अंधार पडल्यावर. त्यालाही कारण आहे. त्याचं फूल रात्री फिरणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी आहे, लांब सोंडेच्या. पतंग वासाने येतो, नळीसारख्या गळ्यात सोंड घालतो आणि काही मिळत नाही. चाफ्याच्या फुलात मध नसतो. पतंग पुढच्या फुलाकडे जातो, तिथेही फसतो, आणि या फसवणुकीत पराग इकडचे तिकडे होतात. आपल्याकडे शेंगा क्वचितच धरतात. धरल्या तर दोन शिंगांसारख्या जोडीने येतात आणि उकलल्यावर पंखवाल्या बिया वाऱ्यावर जातात.

आमच्या भागात नळ यायचा तो रात्री दोन-तीनच्या सुमारास. गल्लीतल्या बायका गाऊनवर ओढणी टाकून बाहेर, मोटारी सुरू, पाइप इकडून तिकडे, दबक्या आवाजात “आलं का गं तुमच्याकडे?” या सगळ्यात चाफ्याचा वास रस्त्यावर उतरलेला असे. दिवसभरच्या धुळीनंतर त्या वेळी तो इतका दाट असायचा की हौद भरेपर्यंत मी पायरीवर बसून राहायची. पाण्यासाठी जागायला लागतं याचा राग यायचा. ज्या झाडाला यातलं थेंबभरही नको होतं, ते बाजूला उभं राहून फुलत होतं.

*

चाफ्याची बाजू मांडता मांडता त्याचे दोष झाकायचे नाहीत, असं लिहायला बसताना ठरवलं होतं. तो सावलीचं झाड नाही. हिवाळ्यात ऊन अंगणात येऊ देतो हा गुण धरला, तरी मे महिन्यात खाट टाकून खाली झोपावं असा तो नव्हे, त्यासाठी कडुनिंब. मध नाही, खाण्याजोगं फळ नाही, म्हणून पाखरांना आणि मधमाश्यांना त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. ज्याच्याकडे दोन झाडांची जागा आहे त्याने दुसरं करंज, कडुनिंब किंवा बकुळीचं लावावं, असं या पुस्तकात मी एकदा नाही, तीनदा लिहिलंय. आणि त्याला रोगच येत नाही हेही खोटं. पावसाळा लांबला की पानांच्या पाठीवर नारिंगी पूड दिसते, तो तांबेरा. त्याने झाड मरत नाही, पण पडलेली पानं गोळा करून नष्ट केली नाहीत तर दरवर्षी येतो. कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण बसतो. पाण्याचा फवारा आणि निंबोळी अर्क एवढ्यावर भागतं. फांद्या ठिसूळ, मुलं लोंबकळली की मोडतात. मोडलेली फांदी मात्र फेकू नका.

अलीकडे थायलंडकडच्या कलमी जातींची हौस वाढली आहे. मावळतीचे रंग, जांभळट, दोन रंगी. सुंदर आहेत. त्यांच्यावर एक प्रकरण आहे. पण रंगाच्या मागे लागताना वास मागे पडतो का, ते घेताना पाहावं. आणि कलमाच्या खालून फुटवा आला तर तो काढावा, नाहीतर महागडा लाल चाफा दोन वर्षांनी पांढरा होऊन बसतो आणि आपण रोपवाटिकेला दोष देतो.

पुस्तकाची मांडणी ऋतूंप्रमाणे केली आहे. फाल्गुनातली छाटणी आणि फांद्या काढणं पहिल्यांदा, कारण चाफ्याचं वर्ष तिथे सुरू होतं. मग चैत्र-वैशाखातलं लावणं, पावसाळ्यातली जमिनीतली बदली, भाद्रपदातला तांबेरा, आणि शेवटी हिवाळा, ज्यात माळ्याने काही करायचं नसतं. ते प्रकरण सगळ्यात छोटं आहे आणि तेच पाळायला सगळ्यात कठीण. गच्चीवरच्या कुंड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे, कारण तापलेल्या स्लॅबवर कुंडीतल्या चाफ्याला मे महिन्यात तीन-चार दिवसांनी पाणी लागतंच. ‘पानी नक्को’ म्हणजे कधीच नको असं नव्हे. बोट मातीत दोन पेरं घालावं. ओल लागली तर परत जावं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच प्रकरणात बसली नाही म्हणून इथे लिहिते. चाफा बियांपासून लावला तर रंग-वास आईसारखा येईलच असं नाही. फांदीपासून लावला तर तो तेच झाड असतो, दुसरीकडे उभं राहिलेलं. म्हणजे आपल्या गावातले कितीतरी पांढरे चाफे हे झाडांचे वंशज नाहीत, हातोहात फिरलेल्या फांद्या आहेत. कुणीतरी कुणाकडे तरी मागितली, कुणीतरी कापून दिली. माझा चाफा मामूंच्या झाडाचा. त्यांचा त्यांनी खुलदाबादहून आणला होता, तिथे तो कुणी दिला होता ते त्यांना आठवत नव्हतं. सासूबाईंच्या गावच्या मारुतीचाही एक तुकडा माझ्या मागच्या दारी आहे. दोन्ही झाडांची फुलं शेजारी ठेवली तर मला फरक सांगता येत नाही.

म्हणून हे पुस्तक वाचून चाफा लावावासा वाटला, तर विकत घेण्याआधी आसपास कुणाकडे आहे ते पाहा आणि माघ-फाल्गुनात बेल वाजवा. नाही म्हणणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. या वर्षीच्या छाटणीच्या अकरा फांद्या मी मागच्या ओसरीत गोणपाटावर टाकून ठेवल्या होत्या. नऊ मागणाऱ्यांच्या घरी गेल्या. उरलेल्या दोनपैकी एकीच्या टोकाला, माती नाही, पाणी नाही, दीड महिना झाला तरी, काल सकाळी कळ्यांचा झुबका दिसला. ती ज्यांच्यासाठी ठेवली आहे, त्यांना निरोप धाडलाय की घाई करू नका, फुलू द्या, मग न्या.

सिडको, छत्रपती संभाजीनगर
अक्षय्य तृतीया